एक मिनिट, दादाच्या खोलीतलं

शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे कानसेन म्हणत आणि तोंडावर सर. तीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रण केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरात बायकोच्या पायात पायात येऊ लागले, तेव्हा तिनेच त्यांना शाळेत पिटाळलं होतं. आठवड्यातून दोनदा ते नववीच्या वर्गाला स्वतःच्या कवितांचे छोटे व्हिडिओ करायला शिकवत. पोरांचा उत्साह असा, की कवितेत फूल आलं की पडद्यावर फूल, आणि मन आलं की बदामाचं लालभडक चित्र. "अरे, शब्दाने सांगितलंय ना एकदा? मग चित्राने परत तेच कशाला सांगायचं?" असं म्हणत ते अर्धी चित्रं उडवायला लावत.

त्यांचं एक खूळ होतं. जिथली कविता, तिथली एक मिनिट शांतता आधी टिपून आणायची. बोलायचं नाही, हलायचं नाही, फोन रेकॉर्डिंगला लावून नुसतं बसायचं. मग कवितेच्या ओळींमध्ये जी मोकळी जागा राहते, तिथे ती शांतता भरायची. "प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते," ते सांगत. मुलं एकमेकांना कोपरं मारत. एकदा त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि जिना, ग्रंथालय आणि मुतारी अशा तीन शांतता ऐकवल्या. वर्गाने तिन्ही ओळखल्या, आणि मग सगळे गुमान कामाला लागले.

वर्गात एक मुलगी होती. लहानपणी भावाच्या मागेमागे फिरायची म्हणून घरात तिचं नाव शेपूट पडलं होतं. तो भाऊ दीड वर्षापूर्वी कॉलेज अर्धवट सोडून दूरच्या शहरात ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यात लागला. निघताना आई रागाच्या भरात म्हणाली, "गेलास तर मला फोनसुद्धा करू नकोस." पोरगा एरवी आईचं एक ऐकायचा नाही, हे मात्र त्याने अक्षरशः पाळलं. बहिणीला अधूनमधून मेसेज करायचा, आईला नाही. आणि आई त्याच्या खोलीला कुलूप लावून मोकळी झाली.

शेपटाची कविता त्या खोलीवर होती.

तुझ्या खोलीत मी येत नाही,
तुझी खोलीच येते माझ्याकडे,
दाराखालून.

ओळी वाचून कानसेन खुर्चीत सरळ झाले. व्हिडिओ दादाला पाठवायचा आणि तो बघून त्याने आईला एक फोन करावा, एवढंच तिला हवं होतं. "मग त्या खोलीची शांतता आण," ते म्हणाले. ती मानेनेच हो म्हणाली.

आईकडे किल्ली मागायची तिची छाती झाली नाही. तिने शाळेच्या सामानाच्या खोलीत, लोखंडी कपाटांमध्ये बसून एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि आणून दिलं. आणि गंमत म्हणजे कानसेन फसले! कवितेवर त्यांचा इतका जीव जडला होता की कान नावापुरतेच उघडे राहिले. "छान टिपलंयस," ते म्हणाले, आणि पोरीचा जीव भांड्यात पडला.

पालकांना व्हिडिओ दाखवायचे होते, त्या दुपारी तिची आईही आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. कामावरून तासभर लवकर निघून आली होती. पडद्यावर बंद दार, दाराखालची उजेडाची रेघ, आणि पोरीचा आवाज. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आई हाताची घडी घालून बसून राहिली. सगळे पांगल्यावर ती कानसेनांपाशी आली.

"सर, ही त्याची खोली नाही."

"कशावरून?" कानसेनांचे कान आत्ता कुठे जागे झाले.

"हे घुमतंय. त्याच्या खोलीत आवाज घुमत नाही. कपाटाचं दार उघडंच असतं, कपडे लटकलेत आत. गादी आहे, जाड पडदा आहे."

कानसेनांनी हेडफोन चढवून पुन्हा ऐकलं. खरंच की! पत्र्याचा बारीक टणत्कार प्रत्येक ओळीमागे स्पष्ट वाजत होता. तीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडल्यासारखं वाटलं त्यांना, पण त्याहून मोठं होतं ते कुतूहल. "ताई, तुम्हाला कसं कळलं? मला नाही कळलं."

"मी रोज बसते तिथे. दोन वाजता कामावरून येते. ही पाचला येते शाळेतून. तोवर."

शेपूट आईकडे बघतच राहिली. "पण तू तर कुलूप..."

"मग काय उघडं टाकू? तू जाऊन पसारा घातला असतास. त्याने ठेवलंय तसंच राहू दे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर किल्ली निघाली. कानसेनही गेले, बोलावलं नव्हतं, पण त्यांना राहवलं नाही. खोलीत धूळ औषधालासुद्धा नव्हती. आई गादीच्या कडेला बसली, पोरगी जमिनीवर, कानसेन दाराशी. एक मिनिट कोणी हललं नाही. स्वयंपाकघरातला फ्रिज, खाली कुणाची तरी सायकल, एवढंच. कानसेनांनी उभ्या आयुष्यात हजार शांतता टिपल्या होत्या. या एका वेळी त्यांना घड्याळाकडे बघवेना.

ती शांतता भरून व्हिडिओ गेला. खाली शेपटाने एक ओळ लिहिली: मधला आवाज तुझ्या खोलीचा आहे, आई रोज तिथे बसते.

एक दिवस गेला, दोन गेले. व्हिडिओ बघितल्याची खूण आली, उत्तर नाही. पोरीचं अभ्यासात लक्ष लागेना, आणि कानसेन वर्गाच्या दिवसाची वाट न बघता रोज शाळेत डोकावू लागले. चौथ्या दिवशी ती धावत आली. दादाने शब्द एकही लिहिला नव्हता. नुसता आवाज पाठवला होता, बरोबर एक मिनिटाचा.

दोघांनी ऐकला. काहीच नव्हतं त्यात. "त्याची खोली," कानसेन हळूच म्हणाले. "आता राहतो ती." आणखी काही सांगायची त्यांची हिंमत झाली नाही, एकदा तोंडघशी पडलेला माणूस. "आईला ऐकव."

संध्याकाळी दोघं घरी गेली. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. कानसेनांनी आपले हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिने डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

"खिडकी आहे, पण उघडत नाही," ती म्हणाली. "काहीच नाहीये गं खोलीत. कपाट नाही. खाली निजतो हा."

"फोन करेल का गं तो?" शेपटाने विचारलं.

"कसा करेल? मीच नको म्हटलंय ना."

आईने हेडफोन काढले, पोरीच्या हातून फोन घेतला आणि स्वतःच नंबर लावला. पलीकडे दुसऱ्याच घंटेला उचलला गेला, पण कोणी बोलेना. आई थोडा वेळ ऐकत राहिली.

"एक पडदा घे," ती म्हणाली. "फार घुमतंय तुझ्याकडे."