शेंदराचं स्वस्तिक आणि मी

मी एक जुना वायपर आहे, मित्रांनो. पण जुना म्हणजे निकामी, असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या हितेंद्रच्या गाडीवर, चालवणाऱ्याच्या बाजूला माझी जागा आहे. शेजारी माझा जोडीदार आहे, जरा बुटका.

दुकानदार दोन्ही वायपर सारख्याच मापाचे देत होता. हितेंद्रनं मात्र गाडीचे आधीचे वायपर सोबत नेले होते. त्यांच्याशी माप जुळवूनच त्यानं मला निवडलं, नाहीतर आम्ही दोघं काचेवर एकमेकांत अडकून भांडत बसलो असतो. उन्हाळ्यात त्याची आई शेवंताबाई आम्हाला काचेवरून उचलून उभं करायची, कारण जळगावच्या उन्हात रबर काचेला चिकटतं. गाडीनं हात वर केले, असं म्हणून शेजारी हसायचे. आधी पाण्यानं धूळ धुवायची, मगच वायपर फिरवायचा, हा त्या घरचा नियम. अशा घरी पडलो, हे माझं नशीब.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी सगळे चोपड्याच्या मूळ घरी निघाले. निघताना शेवंताबाईनं गाडीची पूजा केली आणि तेलात कालवलेल्या शेंदरानं काचेवर, हितेंद्रच्या अगदी समोर, ठसठशीत स्वस्तिक काढलं. मागे सून मयुरी आणि दोन नातवंडं बसली.

वाटेत पाऊस आला. मी फिरलो आणि शेंदूर काचभर फासला गेला. पुन्हा फिरलो, तर आणखीच. समोरून येणारा केळीचा ट्रक हितेंद्रला अगदी जवळ आल्यावर दिसला. त्यानं कशीबशी गाडी बाजूला घेतली आणि एका बंद टपरीच्या पत्र्याखाली उभी केली. नातवंडं रडू लागली. वायपर कामातून गेला, आता उपटून फेकतो, असं म्हणत हितेंद्रनं मला धरलं. मी घाबरलो नाही असं सांगणार होतो, पण घाबरलो.

शेवंताबाई खाली उतरली.

“त्यानी काय चूक शे, भाऊ? तेल ते मीच लायेल शे.”

पाणी ओतून तेल हटेना. तेव्हा तिनं नैवेद्यासाठी सोवळ्यात दळलेल्या डाळीच्या पिठाचा डबा उघडला. ते देवीचं आहे, असं मयुरी हळूच म्हणाली. त्याला वाटेत कोणी हातही लावत नाही.

“कानबाईले बठ्ठं समजस. पीठ कमी पडनं ते चाली, मानसं घर पोचाले पाहिजेत.”

देवीला सगळं समजतं, असं म्हणत तिनं पिठानं काच घासली, धुतली आणि ओल्या फडक्यानं माझं रबर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. मग मी एकदाच फिरलो आणि रस्ता लख्ख दिसला. हितेंद्र माझ्याकडे बघून ओशाळला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आता स्वस्तिक बॉनेटवर काढतात. मित्रांनो, काच धूसर झाली तर आधी काच धुवा, मग माझं रबर चाचपून बघा. त्याला तडा गेला असेल तर खुशाल बदला, मी रुसणार नाही. त्या वर्षी कानबाईचा नैवेद्य मूठभर कमी होता, पण पंगतीला घरची सगळी माणसं होती.