फक्कीची रेघ

पहार बाबांनीच कडुबाच्या हातात दिली.

सकाळची वेळ होती. वाळूजच्या कंपनीची बस कडुबाला कोपऱ्यावर सोडून गेली होती. रात्रपाळीनं त्याचे डोळे तांबारले होते, डब्याची पिशवी खांद्याला होती. बाबा त्याच्याच ओट्यावर बसून त्याची वाट पाहत होते, पहार शेजारी भिंतीला टेकवलेली. गल्लीतली बाकी माणसं कुदळ-फावडी घेऊन जरा लांब उभी होती. मी घरून चहा घेऊन निघाले होते. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांची चळत.

"ये कडुबा," बाबा उठत म्हणाले. "तुझ्यासाठीच थांबलोय. घे. पहिला घाव तुझा."

कडुबानं पिशवी खाली ठेवली. डबा कलंडणार नाही अशी नीट ठेवली. पहार घेतली, दोन्ही हातांत तोलली आणि बाबांच्या डोक्यात घातली.

ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. बाबा पुढं झुकले, खाली पडलेलं काही उचलायला वाकावं तसे. दुसरा घाव मानेवर बसला. चष्मा घरंगळत माझ्या पायाशी आला. त्याची काच शाबूत होती.

आतून कडुबाची बायको सरूबाई धावत आली. तो तिच्याकडे वळला.

"तूच हो म्हनलीस ना मीटिंगमधी? माझा ओटा वाटायला निघाली व्हय?"

तिनं हात आडवा धरला. पहार मनगटावर बसली. कातडीतून हाड वर आलेलं मला दिसलं. मग माणसं धावली. गॅरेजवाला तन्वीर सगळ्यात आधी पोचला आणि त्यानं फावड्याच्या दांड्यानं कडुबाला आडवं पाडलं. त्यानंतर कोण कुठं मारत होतं ते सांगता येणार नाही. पोलिस आले तेव्हा कडुबाचा जबडा सुटून लोंबत होता आणि तरी एक जण त्याच्या बोटांवर टाचेनं उभा होता.

पुस्तकांत अशा वेळी बाईच्या हातातलं काहीतरी पडतं. माझ्या हातून काहीच पडलं नाही. घाटीच्या सरकारी दवाखान्यात बाबांना मृत घोषित केलं, तोवर किटली माझ्या हातातच होती. कुणीतरी ती काढून घेतली, तेव्हा चहा गार झाला होता.

हे सगळं एका गटारासाठी.

औरंगपुऱ्याच्या मागं आमची गल्ली. वर्षानुवर्षं प्रत्येक घरानं आपला ओटा थोडा थोडा पुढं सरकवला आणि गटार त्याखाली गाडलं गेलं. नळाची लाइन त्याच घाणीतून जायची. आधीच नळाला दिवसाआड सोडा, आठवड्यानं पाणी यायचं, आणि आलं की पहिली बादली काळी. दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी पोराचे डोळे पिवळे व्हायचे.

शहरातल्याच काही डॉक्टरांनी, दुकानदारांनी आणि पेन्शनीत निघालेल्या लोकांनी मिळून 'शेजार निधी' उभा केला होता. गल्लीनं मागणी करायची, निधी पाइप, सिमेंट आणि मिस्त्री देणार. खोदकाम गल्लीनं करायचं. एक नियम मात्र पक्का होता. कुणाचंही बांधकाम बाहेरच्या माणसानं फोडायचं नाही. पहिला घाव घरमालकाचा, मग शेजाऱ्यांनी हात लावायचा. निधीच्या जहांआरा आपा पहिल्याच बैठकीत म्हणाल्या होत्या, "म्युनिसिपालटीचा जेसीबी आला की लोकं दगड उचलतात. सोताच्या हातानं फोडलं तर कुनावर उचलनार?" सगळे हसले होते. बाबा सगळ्यात जास्त.

बाबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. गल्ली त्यांना नाना म्हणायची. त्यांनी दोरी ताणून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्कीची पांढरी रेघ मारली. रेघेच्या बाहेरचं सगळं जाणार, आतलं सगळं राहणार. पहिला आमचा ओटा फुटला. मग एकेक घर करत काम खाली सरकलं. पहार बाबा स्वतः मालकाच्या हातात द्यायचे. काही जण शिव्या देत घेत, आवडाबाईनं तर रडत घेतली, पण घाव सगळ्यांनी घातला. पहार हातात आली की माणूस पुढचं आपणहून करतो, असं बाबांना वाटायला लागलं होतं.

शेवटचं घर कडुबाचं. तिथून पाइप मोठ्या गटाराला मिळणार होता. कडुबा गंगापूरकडचा. गावात त्याच्या नावावर काही नव्हतं. हा ओटा त्यानं सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून दगड वाहून बांधला होता, आणि त्याची आई गोजरबाई दिवसभर त्यावर बसून राहायची. तो कधी नाही म्हणाला नाही. हो सुद्धा म्हणाला नाही. हो म्हणाली ती सरूबाई, बायकांच्या बैठकीत, हात वर करून.

बाबांचं रक्त त्या रेघेवर पडलं. फक्कीत मिसळून ते वाळलं आणि ओट्याच्या कडेच्या फरशीवर त्याचा खरपुडा धरला.

कडुबा आधी घाटीत आणि मग हर्सूलच्या तुरुंगात गेला. काम थांबलं. अर्धी खणलेली चारी त्याच्या दारापर्यंत येऊन तुंबली. वरच्या सगळ्या घरांची घाण तिथं साचून राहू लागली.

आता राग काढायला गल्लीजवळ कडुबाच्या घरातल्या दोन बायकाच उरल्या होत्या. नळ आला त्या दिवशी गोजरबाई कळशी घेऊन रांगेत उभी राहिली. आवडाबाईनं कळशी लाथेनं उडवली.

"खुन्याची माय पानी भरती व्हय इथं? जा, त्या चारीतलं पी."

"म्या काय केलं गं, आवडे?"

आवडाबाईनं तिच्या थोबाडीत मारली. म्हातारीचे वरचे दोन दात उरले होते, त्यातला एक ओठात घुसला. ती रक्त गिळत घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर कुणीतरी चारीतली घाण घमेल्यानं फेकली. मी खिडकीतून पाहत होते. मला बरं वाटलं. इतकी वर्षं सूडाबद्दल जे वाचलं होतं, त्यात कुणी हे लिहिलं नव्हतं, की भूक लागल्यावर भाकरीचा वास यावा तसं बरं वाटतं.

जहांआरा आपा भेटायला आल्या.

"उमा, बेटा," त्या म्हणाल्या, "निधीत काही लोकं म्हनतात, काम बंद करा. काही म्हनतात, नानांच्या नावाची पाटी लावा."

"पाटी नको."

"मी पन तेच बोलले. काम रविवारी सुरू करू. पन नियम तोच. सरूबाईनं पहिला घाव घातला तर."

"आणि नाही घातला तर?"

"तर पाइप दुसऱ्या मोहल्ल्यात जाईल. घाण इथं राहील."

शनिवारी संध्याकाळी आप्पासाहेब आले. कोपऱ्यावर त्यांची दुधाची डेअरी आहे, गल्लीत त्यांचा शब्द चालतो. बरोबर तन्वीर होता आणि आणखी चार-पाच जण. कुणी बसलं नाही.

"ताई, नानांच्या खुन्याचं घर आपल्या गल्लीत उभं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "उद्या सगळ्यांच्या हातात कुदळी असनार. ओट्यापाशी कशाला थांबायचं? तुमी नुसतं हो म्हना."

"आत दोघी राहतात," मी म्हणाले.

"निघतील की. आन् नाय निघाल्या तर त्यांचं नशीब."

तन्वीर खाली बघत होता. "ताई, नाना मेरे कू बेटा बोलते थे," तो म्हणाला. "मैं सोया नहीं उस दिन से."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. मी काहीच बोलले नाही. आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि ते गेले. माझ्या न बोलण्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता.

रविवारी गल्ली भरून माणसं आली. एरवी कामाला न येणारेही आले. जहांआरा आपा चारीच्या काठावरून सरूबाईला हाका मारत होत्या. "सरूबाई, बाहेर ये. कुनी काही करनार नाही. एक घाव घाल आनि बाजूला हो."

दार उघडलं नाही.

"झालं का तुमचं, आपा?" आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पहिला दगड पत्र्यावर टाकला. मग दगडांचा पाऊसच पडला. पत्रा वाजत राहिला, आतून गोजरबाईचं किंचाळणं ऐकू येत राहिलं. जहांआरा आपा हात पसरून मधे गेल्या. कुणाचा तरी खांदा लागला आणि त्या पाठीवर चारीत पडल्या, कमरेपर्यंत घाणीत. कुणी हात दिला नाही. दोघांनी लाथा घालून दार पाडलं. म्हातारीला केसांना धरून बाहेर ओढलं. तिचं लुगडं ओट्याच्या कडेला अडकून फाटलं आणि ती गुडघ्यांवर पडली. तिच्या मागून सरूबाई आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर, कपाळाला दगड लागून रक्ताची धार भुवईवर.

"थांबा," आप्पासाहेब म्हणाले. माणसं थांबली. त्यांनी पहार उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ताई, पहिला घाव तुमचा."

ती मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. जिथं हात धरतात तिथं लोखंड घासून गुळगुळीत झालं होतं. बाबांच्या तळव्यांनी, गल्लीतल्या सगळ्यांच्या तळव्यांनी, कडुबाच्या तळव्यांनी. मी ओट्यावर चढले. बाबांच्या रक्तानं काळी पडलेली फरशी ओलांडताना मी पाय उचलून पलीकडे टाकला. सरूबाई माझ्यासमोर हातभर अंतरावर होती. तिच्या भांगात कुंकू नव्हतं, धूळ होती. तिनं हात आडवा धरला नाही.

"मार," ती म्हणाली. "म्या हो म्हनले म्हनून नाना गेले. नवऱ्याच्या माराच्या भ्यानं म्या कदी कशाला हो म्हनले नवते, तवाच म्हनले. मार की. वाट कुनाची बघती?"

मी पहार उचलली आणि घातली.

ती चौकटीत रुतली, तिच्या कानाजवळ. लाकडाची ढलपी उडून तिचा गाल फाटला. माझा नेम चुकला की मीच चुकवला, हे मला आजही ठाऊक नाही. मागं गल्लीनं आरोळी ठोकली आणि माणसं पुढं सरकली. मी पहार हिसडून काढली. आता पुन्हा उचलायची एवढंच बाकी होतं. कडुबानं दुसरा घाव कसा घातला, ते मला तेव्हा कळलं. पहिल्यानंतर तो सोपा असतो.

खाली बाबांची रेघ दिसत होती. पुसट झालेली, पण सरळ. ती उंबऱ्याच्या बरीच बाहेरून गेली होती. घर पूर्ण आत होतं.

मी पहार आडवी केली आणि सरूबाईसमोर धरली.

"घे," मी म्हणाले. "घर तुझं आहे. पहिला घाव तुझा."

"ताई, येडी झाली का!" मागून कुणीतरी ओरडलं. "डोक्यात घालील!"

घालू शकली असती. मी पहारीच्या टप्प्यात होते आणि बाजूला झाले नाही. सरूबाईनं ती चांगल्या हातानं घेतली, प्लॅस्टरचा हात खाली टेकू म्हणून लावला. माझ्याकडे पाहिलं. मग वळून तिनं ओट्यावर घाव घातला.

फरशी तडकली. दुसऱ्या घावाला फुटली. ती प्रत्येक घावाला तोंडानं आवाज करत होती, आणि मधेमधे शब्द, कडुबासाठी. "हे तुज्या हातचं. हे लाथेचं. हे पोटातल्या लेकराचं." प्लॅस्टरला भेग पडली, आतून रक्त आलं, ती थांबली नाही. दगड निखळून चारीत पडू लागले. गोजरबाई गुडघ्यांवरच बसून होती. माणसांच्या हातातल्या कुदळी खाली आल्या.

ओट्याचा बाहेरचा भाग गेला. तरी ती मारत राहिली. रेघ ओलांडून ती आत आली, उरलेला ओटाही फोडला, उंबऱ्यावर घाव घातला, मग चौकटीवर. भिंतीचा एक चिरा हलला. माझ्या मनात आलं, पडू दे. तिच्याच हातानं पडू दे. मी तो घाव पडू दिला. त्यानंतरचाही.

मग मी पहार वरच्या वर धरली.

"बास," मी म्हणाले. "रेघ तिथंच संपली. नानांनी घर आत ठेवलंय."

तिनं ओढलं, मी सोडलं नाही. तिच्या गालाचं रक्त माझ्या मनगटावर ठिबकत होतं. थोड्या वेळानं तिची पकड सुटली आणि ती उंबऱ्यात खाली बसली. ओटा नसल्यानं तिचे पाय अधांतरी लोंबत राहिले.

मी आप्पासाहेबांकडे वळले. "काल मी हो म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "आज नाही म्हणते. घराला हात लावायचा नाही. खणायचं असेल तर थांबा, नाहीतर घरी जा."

"नाना असते तर—"

"नाना नाहीत, आप्पासाहेब. म्हणून मी सांगतेय."

ते गेले. त्यांच्यामागं काही जण गेले. तन्वीर चारीत उतरला, त्यानं जहांआरा आपांना हाताला धरून वर काढलं आणि फावडं उचललं. दुपारपर्यंत चारी मोठ्या गटाराला मिळाली. तुंबलेली घाण हळूहळू सरकली आणि मग एकदम निघाली.

मी मलबा वाहिला. त्यात ती काळी फरशीही होती, दोन तुकडे झालेली. ती बाजूला ठेवावी असं कुणीतरी सुचवलं. मी ती घमेल्यात टाकली आणि बाकीच्या दगडांबरोबर नेऊन ओतली.

कोर्टात मी साक्ष दिली आहे. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, कडुबाला जन्मठेप व्हावी अशी माझी इच्छा आहे. सरूबाईशी मी बोलत नाही. ती दिसली की मला तो ओल्या लाकडाचा आवाज येतो. त्याला मी काही करू शकत नाही, आणि तीही नाही.

त्या रविवारी काम संपल्यावर गोजरबाई तांब्या घेऊन माझ्याजवळ आली होती. ओठ सुजलेला, लुगडं गाठ मारून बांधलेलं. घरात तेवढंच पाणी असावं. तिनं तांब्या पुढं केला. मी ओंजळ धरली, तिनं ओतलं. मी प्यायले नाही. हात धुतले, मनगटावरचं रक्त धुतलं. ते पाणी चारीत पडलं आणि कडुबाच्या दारावरून कुठंही न अडता पुढं गेलं.