निळी खळ

वत्सला गांगुर्डेला कागदाचं वेड लग्नाआधीपासूनचं. शाळेत हस्तकलेच्या तासाला बाईंनी एकदा कागदाचा बगळा करायला शिकवला. बाकीच्या मुली तो आठवड्यात विसरल्या, वत्सला विसरली नाही. सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत ती नांदायला आली, तेव्हाही ट्रंकेत साड्यांच्या खाली घोटीव कागदाची गुंडाळी होती.

नवरा जयराम जवळच्याच एका कंपनीत टर्नर होता. कामावरून येताना तो सायकलच्या कॅरियरला फाटक्या खोक्यांचे पुठ्ठे बांधून आणायचा आणि दारातूनच म्हणायचा, "घे, तुझं सामान आलं." त्या पुठ्ठ्यांतून वत्सलाने मुलांसाठी एक गाव उभं केलं होतं. कौलारू घरं, शाळा, बैलगाडी, लाल कागद लावलेली एसटी. पाच वर्षांची विशाखा त्या गावात कोण कुठे राहतं ते ठरवायची. दोन वर्षांचा राजरत्न, म्हणजे घरातला रतन, त्या गावावर बसायचा. मग रडारड, मग नवी घरं.

या सगळ्याला एकच शत्रू होता, झुरळं. मैद्याच्या खळीने चिकटवलेलं काहीही ती ठेवत नसत. गावातली निम्मी घरं त्यांनी कडेने कुरतडली होती. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला वसाहतीतल्या विहारासाठी कागदाची कमळं करायचं वत्सलाने कबूल केलं होतं, आणि ती कमळंही रात्रीतून खाल्ली जातील या काळजीने ती मेन रोडवरच्या यादव बाइंडरकडे गेली. त्याच्या वह्या वर्षानुवर्षं टिकत.

"खळीत मोरचूद घाला ताई," यादव म्हणाला. "निळे खडे मिळतात, कुटून घालायचे. झुरळ फिरकणार नाही. पण ते विष आहे, मुलांचा हात पोचू देऊ नका."

वत्सलाने मान डोलावली आणि घरी येऊन मोरचुदाची पुडी सर्वांत वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात ठेवली. खळ केली की वाटी काम होईपर्यंत तिच्या मांडीपाशी असायची आणि उठताना ती फळीवर जायची. असं कितीतरी दिवस नीट चाललं.

वैशाखातली दुपार होती. जयराम कामावर. वत्सला जमिनीवर बसून गुलाबी पाकळ्या चिकटवत होती. रतन पलीकडे झोपला होता आणि विशाखा पाकळ्या मोजत होती. तेवढ्यात शेजारच्या भागुबाईंची हाक आली, "वत्सले, नळाला पानी आलं गं! लवकर ये, लय गर्दी हाय!"

दोन दिवस पाणी आलं नव्हतं. वत्सला तशीच उठली, हंडा आणि बादली घेतली. "भावाकडे लक्ष ठेव हं, आलेच मी," विशाखाला सांगून ती बाहेर पडली. वाटी खालीच राहिली.

नळावर भांडण जुंपलं होतं. कुणाचा हंडा आधी लागला यावरून दोघी बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि वत्सलाला आपला नंबर सोडवेना. हंडा भरून ती परतली, तेव्हा तिला उंबऱ्यावरूनच रतन दिसला. तो जागा होता. वाटी त्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये होती आणि त्याची बोटं, हनुवटी, ओठ निळसर झाले होते. तो हसत नव्हता, रडतही नव्हता. खाल्लेलं काहीतरी बाहेर काढायचा प्रयत्न करावा तशी जीभ बाहेर काढून बसला होता.

हंडा कधी हातातून सुटला ते तिला कळलंच नाही. पाणी कमळांखालून वाहत गेलं. तिने रतनला उचललं आणि तोंडात बोट घातलं, तसा तो भडाभडा ओकला. ओकारी हिरवट निळी होती. माणसाच्या पोटातून असा रंग बाहेर येताना तिने कधी पाहिला नव्हता.

विशाखा मागच्या दारातून आत आली आणि तिथेच थबकली.

"कुठे होतीस तू?" वत्सला ओरडली. "लक्ष ठेव म्हणाले होते ना तुला! मारलंस तू त्याला!"

आवाज ऐकून भागुबाई धावत आल्या. त्या हरसूलकडच्या, चार लेकरं वाढवलेल्या. त्यांनी रतनचं तोंड पाहिलं, वाटी पाहिली आणि वत्सलाच्या दंडाला धरलं.

"चल, दवाखान्यात. आत्ता."

"मावशी, मोरचूद होतं त्यात..."

"चल म्हनते ना! काय खाल्लं, किती खाल्लं ते डाक्टरला दाखवाया पायजे."

पण दाखवायला काही घ्यायचं भान दोघींनाही राहिलं नाही. वसाहतीतल्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप होतं. भागुबाई त्र्यंबक रोडवर भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाजीचा एक टेम्पो अडवला. ड्रायव्हरने पोराकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. वाटेत रतन आणखी दोनदा ओकला. मग तो मलूल झाला. वत्सला त्याला हलवत राहिली, "रतन, डोळे उघड. रतन, बघ, गाडी बघ." गाड्या त्याला फार आवडायच्या. त्याने डोळे उघडले नाहीत.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी त्याला तिच्या हातातून घेतलं. तरुण डॉक्टर होते, भराभर विचारत होते. कधी खाल्लं? किती? वत्सलाला काहीच सांगता येईना. वाटीत किती होतं, किती उरलं, तिने पाहिलंच नव्हतं. पडद्यामागे रतनच्या नाकातून नळी घातली. तो किंचाळला, आणि त्या किंचाळण्याने तिला बरं वाटलं. म्हणजे तो आहे.

डॉक्टर बाहेर आले. "पोट धुतोय. उलट्या झाल्या ते चांगलंच झालं. पण किती गेलं ते कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. किडनीवर परिणाम होऊ शकतो." मग जाता जाता त्यांनी विचारलं, "घरात आणखी लहान मूल आहे?"

"मुलगी आहे."

"तिने नाही ना खाल्लं?"

वत्सलाने भागुबाईंकडे पाहिलं. भागुबाईंनी तिच्याकडे. "तुमच्या सूनबाईंकडे दिली ना मावशी तिला?" वत्सलाने विचारलं, पण भागुबाईंच्या चेहऱ्यावरच उत्तर होतं. त्यांची सून माहेरी गेली होती. विशाखाला कुणीच कुणाकडे दिलं नव्हतं. ती घरात होती, एकटी, आणि वाटी जमिनीवर होती.

वत्सलाच्या डोळ्यांसमोर विशाखा मागच्या दारात उभी होती. मागच्या दारात, म्हणजे बाहेरून आली होती. पण बाहेर जायच्या आधी? भावाबरोबर तीही बोटं चाटत बसली नसेल कशावरून?

सिस्टरने तिला हाताला धरून ऑफिसात नेलं. क्लार्कने डिरेक्टरीतून कंपनीचा नंबर काढला. गेटवरून जयरामला बोलावून आणेपर्यंत वत्सलाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तो फोनवर आला.

"अहो, घरी जा," ती म्हणाली. "विशाखा एकटी आहे. तिचं तोंड बघा. निळं झालंय का बघा."

"काय झालंय? तू कुठून बोलतेस?"

"मोठ्या दवाखान्यातून. आधी जा!"

मग तिला पुन्हा पडद्याआड बोलावलं. रतनला धरून बसायला कुणीतरी हवं होतं. त्याला अंड्याचा पांढरा बलक पाजत होते आणि तो थुंकून टाकत होता. ती त्याचे हात धरून बसली. त्याचं अंग गार लागत होतं. बाहेर कुणाची चप्पल वाजली की तिला वाटायचं, आले. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की ती दाराकडे बघायची. सिस्टर आत आली आणि म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचा फोन."

"विशाखा घरात नाही," जयराम म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "दार सताड उघडं आहे. सगळीकडे पाणी. आजूबाजूला विचारलं, कुणी पाहिली नाही."

"वाटी? तिथे वाटी होती."

"कसली वाटी? कागदं आहेत नुसती."

"नीट बघितलं का? खळीची वाटी!"

"वाटी नाही, वत्सला."

त्याने फोन ठेवला, "शोधतो" म्हणून.

तिला आठवत होतं ते एकच, आपण काय म्हणालो ते. मारलंस तू त्याला. आणि आता पोर वाटी घेऊन कुठेतरी गेली होती. पाच वर्षांच्या मुलीच्या मनात काय येईल, आणि काय येऊ शकत नाही, याचा विचार करत वत्सला रतनपाशी परतली. वसाहतीमागे एक उघडी विहीर होती. तिला तीही आठवली.

"मी जाते मावशी, तुम्ही याच्याजवळ बसा," ती म्हणाली आणि उठली. तेवढ्यात रतनने तिच्या पदराला घट्ट धरलं. तिने मूठ सोडवली तरी तो रडला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. ती पुन्हा बसली. मग पुन्हा उठली. भागुबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "बाप हाय ना शोधाया. तू हितं ऱ्हा. हे लेकरू तुलाच धरून हाय."

त्या म्हणत होत्या, सगळं माझ्या हाकेने झालं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वऱ्हांड्यात जयरामचा आवाज आला. वत्सलाने दाराकडे पाहिलं. जयरामच्या कडेवर विशाखा होती. पाय अनवाणी, चेहरा उन्हाने लालभडक, केसांत धूळ. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली वाटी होती. वाटीवर वर्तमानपत्राचा तुकडा बांधला होता आणि खळ काठाने तिच्या फ्रॉकवर सांडली होती.

"त्र्यंबक रोडला, आयटीआयच्या अलीकडे सापडली," जयराम म्हणाला. "रसवंतीवाल्या रावजींनी तिला बसवून ठेवलं होतं. दवाखान्याच्या दिशेने एकटीच चालली होती, गाड्यांच्या कडेने. वाटी कुणाच्या हातात देईना. मलाही देईना."

विशाखाने आईकडे पाहिलं नाही. ती डॉक्टरांना शोधत होती. पांढरा कोट दिसल्यावर तिने वाटी पुढे केली.

"भागुआजी म्हणाल्या, डॉक्टरला दाखवायला पाहिजे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आधी तिचं तोंड उघडून जीभ पाहिली, बोटं पाहिली. बोटं निळी होती, जीभ स्वच्छ होती. "तू खाल्लंस?"

"नाही. त्याला वाईट वास येतो."

मग त्यांनी वाटी उजेडात धरली, वत्सलाला विचारलं की ती भरलेली कुठपर्यंत होती. वत्सलाने बोटाने दाखवलं. सांडलेली खळ त्यांनी फ्रॉकवरून अंदाजाने धरली. "दोनतीन बोटं चाटली असतील, जास्त नाही," ते म्हणाले. "चव घाण असते, मूल पुढे खात नाही. तरी इथेच ठेवू. लघवी कशी होते त्यावर लक्ष ठेवा. रंग काळपट वाटला तर लगेच सांगा."

त्यानंतरचे दिवस वत्सला त्या रंगावरच जगली. रतनची लंगोटी ओली झाली की ती खिडकीशी नेऊन बघायची, रंग सारखा आहे ना, पुन्हा बघायची, मग सिस्टरला दाखवायची. एकदा तिला तो तपकिरी वाटला आणि ती वॉर्डातून धावत सुटली. उजेड कमी होता म्हणून तसं वाटलं होतं, एवढंच. जयराम कामावरून यायचा, कोपऱ्यात उभा राहायचा. त्याने तिला एकदाच विचारलं, "विष होतं तर घरात आणलंच कशाला?" त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. ते न विचारणं तिला जास्त लागलं.

रतनने एका सकाळी वॉर्डबॉयच्या ट्रॉलीकडे बोट दाखवून "गाडी" म्हटलं, आणि तो दोन घोट पेज प्यायला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही.

त्या दुपारी विशाखा वऱ्हांड्याच्या पायरीवर बसली होती. इतक्या दिवसांत ती आईशी धड बोलली नव्हती. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची. वत्सला तिच्याजवळ जाऊन बसली.

"मी लक्ष ठेवत होते," विशाखा एकदम म्हणाली. "पण मला शू आली. तो झोपलेला होता. मी पळत गेले नि पळत आले."

वत्सलाने तिला जवळ ओढलं. "तुझं काही चुकलं नाही. वाटी मी खाली ठेवली. मी चुकले."

"मग तू मला का ठेवून गेलीस?"

"मी घाबरले होते," वत्सला म्हणाली.

"मी पण," विशाखा म्हणाली.

घरी आल्यावर जयरामने मोरचुदाचा डबा लांब नेऊन पुरला. विहारात त्या पौर्णिमेला खरी फुलं वाहिली गेली. वत्सलाने पुढच्या हिवाळ्यापर्यंत कात्री हातात घेतली नाही. मग विशाखाच्याच हट्टाने एक बैलगाडी केली, डिंकाने चिकटवून. तीही झुरळांनी खाल्ली, आणि खाल्ली तर खाल्ली, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

रतनला काही आठवत नाही. विशाखाच्या अंगात मात्र ती दुपार राहिली. घरात एकटी ठेवली की ती पुस्तक घेऊन उंबऱ्यावर येऊन बसायची आणि कुणी परत येईपर्यंत तिथून हलायची नाही. दहावीत गेली तरी हलायची नाही. जयराम कधीतरी हसायचा, "अगं, केवढी मोठी झालीस आता." वत्सला हसायची नाही. जिथे असेल तिथून ती पाय उचलून लवकर घरी यायची, आणि वळणावरूनच हाक मारायची, "विशाखा, आले गं मी."