सुन्नेवाच्या अंगातली गोवराची आठवण

मी एक जुनी पेशी आहे, फेरो बेटांवरच्या सुन्नेवा नावाच्या म्हातारीच्या अंगातली. मित्रांनो, तिने मला कधीच पाहिलेलं नाही.

माझा जन्म तिच्या हाडांतल्या मज्जेत झाला. तिथे माझ्यासारख्या असंख्य जणी जन्मत होत्या आणि प्रत्येकीच्या अंगावरचा साचा निराळा होता. तो कुणी ठरवून दिलेला नव्हता, पडेल तसा पडलेला. त्या साच्यात बसणारा शत्रू, म्हणजे रोगाचा जंतू, आला तरच आम्हाला काम. बहुतेक जणी वाट बघतच संपतात.

सुन्नेवा लहान असताना बेटावर गोवर आला. मी तेव्हा तिच्या मानेतल्या गाठीत वाट बघत होते; तिथे तो माझ्या साच्यात नेमका बसला. दुसऱ्या एका मदतनीस पेशीने शत्रू खरा असल्याची खूण पटवली आणि मी एकीच्या दोन, दोघींच्या चार होत गेले. कितीतरी जणींनी गोवराला जखडणारी प्रथिनं रक्तात सोडली. सुन्नेवा वाचली. तिचा धाकटा भाऊ गेला. त्याच्या अंगातली फौज उभी राहायला उशीर झाला.

लढाई संपली, फौज विरली. माझ्यासारख्या थोड्या मागे राहिल्या. सुन्नेवाचं लग्न झालं, केस पिकले, नवरा समुद्रात बुडून गेला. साठाहून अधिक वर्षं मला काम नव्हतं.

मग एका वसंतात जहाजातून गोवर पुन्हा आला. अख्खं गाव आडवं झालं. गायी हंबरत होत्या आणि धार काढायला फक्त लहानपणी गोवर होऊन गेलेली म्हातारी माणसं उभी होती.

सुन्नेवा मुलाच्या घरी गेली. तिची सून बिरिता तापाने फणफणली होती, शेजारी तिची छोटी लेक एल्स्पा, तीही तापलेली.

"आई, आत येऊ नका. तुम्हालाही गोवर होईल."

"होऊ दे. तू गप पड. सरक, पोरीला घेऊ दे."

एल्स्पा तिच्या तोंडावरच खोकली. श्वासाबरोबर गोवर आत आला, आणि मी त्याला ओळखलं. इतक्या वर्षांनी, एका भेटीत. त्याला पाय टेकायलाही जागा मिळाली नाही. सुन्नेवाला साधी शिंकही आली नाही.

ती दूध पाजत होती, अंग पुसत होती, चूल पेटती ठेवत होती.

"तुम्हाला काहीच कसं होत नाही?" बिरिताने विचारलं.

"कोण जाणे. आत कुणी जागं असेल."

पण मला एल्स्पाच्या अंगात जाता येत नव्हतं. माझी आठवण उसनी देता येत नाही. तिच्या अंगाला स्वतःच शिकायचं होतं. मी फक्त सुन्नेवाला उभं ठेवू शकत होते.

एका दुपारी पोरीला घाम फुटला. तिने डोळे उघडले. "आजी, सुकं मटण आहे?"

"आधी दूध पी, मग बघू," सुन्नेवा म्हणाली, आणि खाली बसून रडली.

मित्रांनो, आजाऱ्याचं अंग शिकत असतं. त्याला ऊब द्या, अन्नपाणी द्या, एकटं टाकू नका. एल्स्पाच्या अंगात आता माझ्यासारखी कुणीतरी राहायला आली आहे. ती अजून अगदी तरुण आहे.