आपल्याकडच्या अकरा चोऱ्या

गणिताच्या बाईंनी माझ्या प्रकल्पावर 'उत्तम' लिहिलं, त्या दिवशी मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते. विषय होता 'आमचा परिसर आणि सुरक्षितता'. बाकीच्या मुलींनी वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवली. मी मात्र आमच्या इमारतीची छत्तीसच्या छत्तीस दारं वाजवली. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले तरी मी आईच्या पाठीमागे लपायचे. आता पॅड छातीशी धरून, घसा साफ करून विचारत होते, "तुमच्याकडे सहा महिन्यांत चोरी झाली का?" हो म्हणाले की बरोबरची खूण, नाही म्हणाले की फुली. खुणा झाल्या अकरा. म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या घरात चोरी. आलेख असा रंगवला होता की चोरांनी फ्रेम करून लावावा.

सेक्रेटरीकाकांनी तो मागून घेतला आणि जिन्याजवळच्या फळ्यावर लावला. येता-जाता माझ्या बुटाची नाडी नेमकी तिथेच सुटायची. चौथ्या दिवशी आलेखाखाली एक कागद दिसला. 'रविवारी सकाळी दहाला सभा. विषय : वॉचमन बदलणे.'

नाडी हातातच राहिली. वॉचमनकाकांची नुसती नोकरी जाणार नव्हती. मीटरशेजारची खोली नोकरीबरोबर मिळालेली होती. तिथेच काकूंचं शिवणाचं मशीन, तिथेच त्यांचा संसार.

संध्याकाळी काकांनी मला फाटकापाशी थांबवलं. म्हटलं, आता माझी काही धडगत नाही. तर त्यांनी खिशातून छोटी वही काढली.

"ताई, अकरातल्या मला दोनच माहीत आहेत. बाकीच्या नऊ कधी झाल्या, तेवढं सांगतेस? मी इतका बेसावध कसा राहिलो, तेच समजत नाही."

"सांगते की," म्हणत मी ऐटीत पॅड उघडलं. पॅडवर नुसत्या खुणा होत्या. काय गेलं, कधी गेलं, मी विचारलंच नव्हतं.

"उद्या सांगते, काका."

शनिवारी पुन्हा दारं वाजवली. पहिलं दार दातांच्या डॉक्टरीणबाईंचं.

"झाली ना आपल्याकडे चोरी. सायकल गेली."

"तुमची?"

"माझी कुठली? मला सायकल येते तरी का? पहिल्या मजल्यावरच्या जुळ्यांची."

शिकवणीवाल्या सरांकडेही 'आपल्याकडे' सायकलच गेली होती. त्यांच्या समोरच्या आजींकडेही तीच. प्रत्येकाचं 'आपल्याकडे' अख्ख्या इमारतीएवढं मोठं होतं, आणि एकच सायकल दहा दारांतून चोरीला गेली होती. अकरावी खूण गच्चीवरच्या नळांची. त्या दहांमध्ये एक घर तर आमचंच होतं.

"आई, आपल्या घरातून काय गेलं गं?"

"तुझी अक्कल," आई म्हणाली. "आपल्याकडे चोरी झाली का विचारलंस, मी म्हटलं झाली. सायकल नाही का गेली?"

फुलीवाली घरंही सोडायची नाहीत, असं मी ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सताईने दार उघडलं. "माझं काही गेलं नाही," म्हणाली आणि दार लावता लावता थांबली.

"कोपऱ्यावरचा दिवा दोन महिने बंद आहे. तिथे एक माणूस उभा असायचा. बोलायचा नाही, नुसता मागे मागे यायचा. आता मी तिथून फोन करते, वॉचमनकाका न्यायला येतात. तो माणूस दिसत नाही हल्ली. पण तू हे कुठे लिहिणार? काही झालं तर नाही ना."

खरंच, माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

"किती वाजता येतेस?"

"सव्वासातला."

सव्वासात! सायकल सव्वासात ते साडेसातच्या मधे गेली, हे जुळ्यांची आई दिसेल त्याला सांगत असे.

मी तडक खाली गेले. "काका, नर्सताईने सांगितलं मला. सभेत मी सगळं सांगते."

"चोऱ्या दोन, एवढंच सांग. त्या पोरीचं नाव नको. लोक मग तिलाच विचारत बसतील, उशिरा का येतेस म्हणून."

"पण तुमची खोली जाईल."

"बघू," ते म्हणाले आणि आत येणाऱ्या गाडीचा नंबर वहीत लिहायला लागले.

सभेत मी उभी राहिले. "अकरा नाहीत, दोन आहेत. चूक माझी. मी सगळ्यांचं 'आपल्याकडे' मोजलं." लोक हसले. मला वाटलं, सुटलो आम्ही दोघं.

"दोन तर दोन," सेक्रेटरीकाका म्हणाले. "पण सायकल गेली तेव्हा फाटकावर कोणी नव्हतं. होतं का?"

"नव्हतं," वॉचमनकाका म्हणाले.

"तुम्ही कुठे होतात?"

काका चपलांकडे बघत राहिले. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलायची भीती वाटत नव्हती, आणि नेमकं गप्प बसायचं होतं. मी ओठ चावून बसले.

"माझ्याबरोबर होते," मागून नर्सताई म्हणाली. उभी राहून तिने दिवा, माणूस, फोन, सगळं सांगितलं. मधे कुठेही थांबली नाही. कोणीतरी पुटपुटलं, "मग ड्यूटी बदलून घ्यायची."

"तिने का बदलायची?" जुळ्यांची आई म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. अख्ख्या सभेत खरी सायकल गेली होती ती एकटीची. ती नर्सताईला म्हणाली, "सव्वासातला ना? तेवढा वेळ मी बसते फाटकावर. तसंही त्या वेळी दोघं माझं डोकं खातात. खाली बसून खातील."

"आणि वॉचमन बदलायचं काय?" सेक्रेटरीकाकांनी विचारलं.

"मी कुठे म्हटलं बदला? माझी सायकल गेली, बोलायचं तर मी बोलेन."

सेक्रेटरीकाकांनी वहीतली 'वॉचमन बदलणे' ही ओळ खोडली, पान उलटलं आणि दिव्यासाठी अर्ज कोण लिहिणार, असं विचारलं. मी हात वर केला.