गाडीपुढची मोकळी जागा

जोतीरामतात्यांच्या ट्रकपुढं कायम एवढी मोकळी जागा असायची, की तिथं पंगत बसवली तर अख्खं वऱ्हाड जेवून उठेल, असं कळंबचे ड्रायव्हर म्हणायचे. तात्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. एकतीस वर्षं गाडी चालवली, पण पुढच्या बंपरला ओरखडा नव्हता. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या पायांत मात्र सळया होत्या. तात्या हे कुणाला बोलून दाखवत नसत, फक्त मनातल्या मनात मोजत.

त्या दिवशी मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या ट्रकवर त्यांचा मुलगा रविराज होता. वय तेवीस, अवजड गाडीचं लायसन महिन्यापूर्वी हातात आलेलं, आणि भरलेली गाडी एकट्यानं न्यायची ही पहिलीच खेप. सकाळी प्रयागबाईंनी लेकाच्या गाडीपुढं नारळ फोडला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "जसा नेताय तसा माघारी आणा."

बारामतीत दोन्ही गाड्यांत सोळा-सोळा टन पशुखाद्य भरलं. इंदापूरच्या अलीकडं, सोलापूर हायवेलगतच्या गोदामावर ते उतरवायचं होतं. लासुर्ण्याचा रस्ता हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला, म्हणून भिगवणवरून निघाले.

पुढचा रस्ता बघावा की आरसा, हे तात्यांना कळेना. रविराज शेपटाला चिकटूनच येत होता. आरशात त्याच्या कपाळावरचा भंडारासुद्धा दिसत होता. तात्यांनी खिडकीतून हात काढून 'मागं हो' म्हणून खुणावलं. पोरानं उलट हॉर्न वाजवला.

भिगवणला चहाला थांबल्यावर तात्या म्हणाले, "रवी, काय सांगितलं हुतं तुला? पुढली गाडी खांबापाशी गेली की चार आकडं मोजायचं. त्याच्या आत तू खांबापाशी आलास, तर तू लय जवळ हायस."

"तात्या, जागा सोडली की लोक घुसत्यात. तुमच्या पुढं सहा गाड्या घुसल्या, मी मोजल्या. असं गेलो तर गोदामावर आपला नंबर शेवटचा लागंल."

"घुसू दे की. कुणी घुसला की आपण आजून मागं व्हायाचं."

"मला बिरेक मारता येतो, तात्या!"

"तुला येतो रं. पर तुझ्या मागं सोळा टन हाय, त्येला कुणी सांगायचं?"

पोरगं हसलं. हातातला पेला फोडावा इतका राग तात्यांना आला. पण चारचौघांत बोललं की तरणं पोरगं तो राग गाडीवर काढतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या वयात त्यांनीही दुसरं काही केलं नव्हतं.

गाडीत चढता चढता त्यांनी ठरवलं. पोरगं जागा सोडत नाही ना, मग त्याच्या वाटणीची जागाही आपणच सोडायची. आपण कचकन थांबलो तर तो आपल्यावर येऊन आदळणार, आणि केबिनमध्ये पुढं तोच बसलाय. आपल्याला हळूहळू थांबायचं असेल, तर पुढं दुप्पट रस्ता मोकळा हवा. तात्यांनी चाराच्या जागी आठ आकडे मोजायला घेतले. मागून रविराजचा हॉर्न चालूच होता.

पळसदेवजवळ उजनी धरणातली चिलापी मासळी घेऊन बाया रस्त्याकडेला बसलेल्या असतात. एका कारवाल्याला भरधाव वेगात ती चिलापी दिसली आणि त्याला भर हायवेवर कालवणाची आठवण झाली. त्यानं जागेवर ब्रेक मारला. मागचा टेम्पो कारवर गेला, टेम्पोमागचा ट्रक टेम्पोवर, आणि तो ट्रक रस्त्यात आडवाच झाला.

उजवीकडं दुभाजक, डावीकडं माणसं. कुठंच वळायला वाव नव्हता. तात्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, पण कचकन दाबला नाही. गिअर उतरवला, ब्रेक थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, म्हणजे मागचे लाल दिवे पोराला दिसावेत. आडवा ट्रक अंगावर येत होता. सगळं अंग सांगत होतं, दाब. तात्यांनी दाबला नाही. एवढा वेळ जपून ठेवलेला रस्ता त्यांनी शेवटच्या हातापर्यंत खर्च केला आणि गाडी उभी राहिली. मागं टायर किंचाळले. तात्यांनी डोळे मिटले. धक्का बसला नाही.

रविराज उतरला. त्याची गाडी बापाच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबली होती. तो धावत पुढं आला, तर तात्यांच्या बंपरपुढंही हातभरच जागा उरली होती. टेम्पोवाल्याचं कपाळ फुटलं होतं, बापलेकांनी त्याला धरून सावलीला बसवलं, आडव्या ट्रकच्या ड्रायव्हरला खाली उतरवलं. कुणाचा जीव गेला नव्हता. मग रविराज रस्त्यावर नुसता बघत उभा राहिला. त्याच्या चाकांमागं काळे पट्टे लांबवर उमटले होते. बापाच्या चाकांमागं काहीच नव्हतं.

"तात्या, तुमाला लय आधी थांबता आलं असतं."

"व्हय."

"मग थांबला का न्हाय?"

"मग तू कुठं थांबला असतास?"

रविराजनं वाकून बापाच्या पायांना हात लावला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

रस्ता मोकळा व्हायला तास गेला. निघाल्यावर तात्यांनी आरशात पाहिलं. पोराची गाडी हळूहळू लहान होत चालली होती. मधल्या जागेत एक कार घुसली, पोरगं आणखी मागं झालं. एक टँकर घुसला, पोरगं पुन्हा मागं झालं. शेवटी तर ती गाडी दिसेनाशीच झाली, आणि तात्यांनी सकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

गोदामाच्या गेटवर नंबर लिहिणारा सिद्धू होता. रांगेतले ड्रायव्हर बिड्या ओढत उभे होते.

"काय तात्या, एकलंच? पोरगं कुठाय?"

"येतंय की."

सिद्धूनं रस्त्याकडं मान लांब केली. दोन परके ट्रक येऊन रांगेत लागले, तरी रविराजचा पत्ता नव्हता. "आवो, लय मागं ऱ्हायलं की तुमचं पोरगं!"

रांगेतले सगळे हसले. तात्या खाली उतरले, खांद्यावरचं उपरणं झटकलं, आणि पोरगं जिल्ह्यात पहिलं आल्यावर बाप जसा सांगतो तसं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"व्हय! माझं पोरगं मागं हाय!"