आगाऊ निघालेल्या वेदना

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर सतरावा रुग्ण पालथा पडला होता. नळीबाबांनी त्याच्या पाठीला वीतभर पोलादी नळी टेकवली, वरून लांब चिमटा घातला आणि एक ओला, पांढरा तुकडा बाहेर ओढला.

"ही बघा वेदना! चिरा नाही, टाका नाही! मणका बोलतो, मी ऐकतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुग्णही उठला. टाळ्या चालू असताना पडून राहणं बरं दिसत नाही.

"बघितलंस?" रांगेत अठरावा असलेला शिंपी बहिणीला म्हणाला. "उद्याचं ऑपरेशन रद्द!"

चार दिवस दादाच्या पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता. उशीर केलात तर पाऊल कायमचं लुळं पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती स्वतः इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं धुवायची. पण घरात तिचं ऐकतो कोण?

"अठरा नंबर!"

शिंपी लंगडत वर चढला. मागोमाग ती.

"बाबा, ही नळी धुता कधी?"

"मंत्राने शुद्ध आहे. शंका घेणाऱ्याचा मणका वाकडा होतो!"

"होऊ दे. मणक्याच्या ऑपरेशनच्या अशाच नळ्या मी रोज धुते. आत काहीतरी राहतंच." बाबांच्याच चिमट्याला रुमाल गुंडाळून तिने तो नळीत सारला. दुसऱ्या टोकातून पटापट सहा वेदना टेबलावर पडल्या.

एकोणीस नंबरच्या आजी ओरडल्या, "अहो, मी अजून झोपलेसुद्धा नाही! यातली माझी कुठली?"

"भक्तांच्या वेदना... कधी कधी आगाऊ निघतात," बाबा चाचरले.

शिंप्याने एक वेदना चिमटीत धरून पिळली. "अरे, हा तर कोटाच्या खांद्यात घालायचा स्पंज! वीस वर्षं हाच शिवतोय मी. माझ्या मणक्यात कुणी भरला?"

नळीत स्पंज कोंबून ठेवायचे आणि एकेक ओढायचा, एवढाच चमत्कार. पाठीचा संबंधच नव्हता.

"मग मला बरं कसं वाटलं?" सतरावा म्हणाला.

"काका, जरा वाकून चप्पल घाला," बहीण म्हणाली.

"आई गं!"

दुसऱ्या दिवशी शिंप्याने डॉक्टरांना गाठलं. "तुम्हीही नळीच घालणार ना? मग फरक काय?"

"चिरा पडणार, बोटाच्या पेराएवढा. नळीतून मणक्याच्या चकतीचा शीर दाबणारा तुकडा काढू. अंगठा पूर्ण सुधारेल अशी खात्री मात्र देत नाही. आणखी विचारा."

त्याने अर्धा तास विचारलं. मग ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

वाचकहो, आपणही विचारावं. प्रश्न विचारल्यावर जो शाप देतो, त्याच्यापुढे पाठ उघडी करू नये.